मामांचा 'स' आणि जावयाची गिटार

लॅबचं दार उघडताच तिला आधी चहाची गाळणी दिसली आणि मग गाळणीतले दात.

दात पाहून दचकायचं तिला तसं काही कारण नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत ती कित्येक वर्षं कवळ्या बनवत होती. शिंप्याच्या टेबलावर बटणं असावीत तसे तिच्या टेबलावर दात असत. ती दचकली ती गाळणीमुळे. शिवाय मेणाचं भांडं चालू होतं. त्यात गुलाबी मेण पार पातळ झालेलं होतं आणि दोऱ्याला बांधलेलं काहीतरी त्या मेणात सोडून तिचा नवरा भांड्यात डोकावत बसला होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"गिटारीचा पिकअप मेणात मुरवतोय. बुडबुडे येताहेत बघ. म्हणजे आतली हवा बाहेर पडतेय. बुडबुडे थांबले की झालं."

"आणि गाळणीत काय आहे?"

"दात."

"ते दिसतंय मला. कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? भंगाराच्या ट्रेमधले. मेण कमी पडत होतं, म्हणून एक जुनी मेणाची कवळी वितळवली. दात तळाशी गेले, तेवढे गाळून घेतले. वाया काहीच नाही घालवलं हं."

शेवटचं वाक्य तो शाबासकीच्या अपेक्षेने बोलला. शाबासकी मिळाली नाही. तिने ट्रेमधला प्लास्टरचा साचा उचलला, उलटा केला आणि त्याच्या तळावर स्वतःच्याच अक्षरात लिहिलेला शब्द वाचला. 'मामा'. मग ती स्टुलावर बसली. स्टूल तिथे होतं म्हणून बरं, नाहीतर ती जमिनीवर बसली असती.

"ही मामांची कवळी होती," ती म्हणाली.

"कुठली?"

"जी तुम्ही वितळवलीत."

नवऱ्याचा चेहरा भांड्यातल्या मेणाइतका गुलाबी होता, तो प्लास्टरसारखा पांढरा झाला. भांड्यात एक शेवटचा बुडबुडा आला आणि फुटला.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. आईवडिलांच्या माघारी त्यांनीच तिला वाढवलं होतं. गावात कुठलाही कार्यक्रम असो, निवेदन मामांचं आणि निदान दोन गाणी मामांची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे वरचे सगळे दात काढावे लागले. त्या दिवसापासून मामांनी तोंडापुढे रुमाल धरला तो धरलाच. फोन घेणं बंद, फिरायला जाणं बंद. कुणी घरी आलं तर मान हलवून हो-नाही करायचे आणि पाहुणा उठायची वाट बघायचे. शेवटी ग्रंथालयाच्या अध्यक्षबाईंनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाल का म्हणून विचारलं, तेव्हा मामा भाचीला एवढंच म्हणाले, "माझा 'स' मला परत दे. मग गातो."

आणि 'स' देणं सोपं नसतं. कवळीत वरचे पुढचे दात केसभर पुढे बसले तर 'स' म्हणताना शीळ वाजते, केसभर मागे बसले तर माणूस बोबडा होतो. म्हणून पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून पाहतात. मेण आहे तोवर दात हलवता येतो. मामांनी चार वेळा दात हलवायला लावले होते. पाचव्या वेळी, म्हणजे आज सकाळी, दातांच्या डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून त्यांनी "सरळ, सोपं, स्वच्छ, सुरस" असं स्वतःशीच म्हणून पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. आता दिवसभरात तिने मेणाच्या जागी पक्कं ॲक्रिलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं आणि संध्याकाळी कार्यक्रमाआधी मामांच्या हातात द्यायचं, असं ठरलं होतं. त्याचसाठी ती पावडर आणायला बाहेर गेली होती.

"भंगारात कुणी ठेवली ती?" तिने विचारलं.

आतल्या खोलीतून लेक बाहेर आली. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिला टेबल हवं होतं. "मी फक्त बाजूला ठेवली गं आई. ट्रेमध्ये जागा होती."

"मी हिला विचारलं होतं," नवरा घाईने म्हणाला. "घेऊ का म्हणून. हिने मान हलवली."

"बाबा, माझ्या कानात गाणं चालू होतं. मी ठेका धरला होता."

आता नवऱ्याच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. तो पोस्टात काउंटरवर होता आणि रविवारी गिटार वाजवायचा. आज मामांच्या साथीला तोच होता. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली, केसाहून बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की खालच्या वेटोळ्यात वीज थरथरते, ती स्पीकरमधून ऐकू येते. एक पिकअप गिटारीच्या मानेजवळ, जिथे तार मोकळेपणी झुलते. तिथला आवाज गोल, गोड, भरलेला. दुसरा ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तिथे. तार तीच, बोट तेच, पण तिथला आवाज बारीक आणि धारदार. दोघांमध्ये निवड करायला एक खटका. पिकअप तारांच्या किती जवळ आहे त्यानेही फरक पडतो. हे सगळं तो बायकोला लग्नापासून सांगत आला होता, आणि "म्हणजे दातांसारखंच," असं ती लग्नापासून म्हणत आली होती.

ब्रिजजवळचा पिकअप जुना होता. त्याची वेटोळी आत सैल झाली होती. आवाज वाढवला की ती स्वतःच थरथरायला लागत, आणि गिटार बसचा ब्रेक लागावा तशी किंचाळे. परवाच्या तालमीत ती किंचाळली तेव्हा मामांनी रुमालाआडून बजावलं होतं, "जावईबापू, तुमचं हे यंत्र कार्यक्रमात एकदा जरी ओरडलं ना, तर मी तिथल्या तिथे उठून घरी जाईन. आणि परत म्हणून स्टेजवर चढणार नाही."

सैल वेटोळ्यांवर उपाय एकच, पिकअप पातळ मेणात मुरवायचा. तापमान जरा चढलं तर पिकअपचा सांगाडा वाकतो. मोजकं तापणारं भांडं अख्ख्या गावात एकाच ठिकाणी होतं, आणि त्याची मालकीण पावडर आणायला गेली होती. थोडक्यात, मामांची मैफल वाचवायलाच त्याने मामांचे दात वितळवले होते.

"पक्की कवळी आता होत नाही," ती घड्याळाकडे बघून म्हणाली. "दात पुन्हा बसवण्यातच दुपार जाईल. शिजवायला वेळ उरत नाही."

"मग कार्यक्रम रद्द करायचा का?"

"रद्द केला तर मामा पुन्हा रुमालात जातील. यावेळी कायमचे." तिने बाह्या वर केल्या. "मेणाचीच कवळी घालून पाठवायची. गार पाणी प्यायचं, दात दाबायचे नाहीत, तीन गाणी म्हणायची आणि खाली उतरायचं."

"आजोबा मेणाचे दात लावून स्टेजवर?" लेकीचा आ वासला.

"तोंड मीट आणि दात मोज."

लेकीने दात मोजले. चौदा हवे होते, तेरा होते. पुन्हा मोजले, तरी तेराच. भांड्याचा तळ खरवडला, जमिनीवर टॉर्च मारली, नवऱ्याने खिसे उलटे केले. समोरचा, अगदी मधला एक दात नव्हता.

"तुझ्याकडे माझी स्प्रिंग आहे का गं?" नवरा मध्येच म्हणाला. "पिकअपखालची. एवढीशी. मूळची हरवली होती म्हणून मी पेनातल्या स्प्रिंगचा तुकडा कापून बसवला होता."

"माझ्या मामांचा दात सापडत नाहीये आणि तुम्ही स्प्रिंग शोधताय?"

तिने ड्रॉवरमधून दुसऱ्या सेटचा एक दात काढला. किंचित रुंद होता, किंचित पांढरा. कानशीने घासला, बसवला, काढला, पुन्हा बसवला. सकाळचा प्रत्येक दात कुठे होता ते तिच्या बोटांना आठवत होतं. तिचे दोन्ही हात दातांवर गुंतलेले असल्यामुळे मेण ओतायचं काम नवऱ्याकडे आलं.

"चमच्याने घाला. इथे, पुढच्या दातांच्या मागे. अजून. कुणाला दिसत नाही ती बाजू."

"चकाकतंय काहीतरी."

"बुडबुडा असेल. ओता!"

त्याने ओतलं. मग घाईघाईने गिटारही जोडली. एका बाजूला स्प्रिंग नसल्यामुळे पिकअप तिकडे झुकायला हवा होता. झुकला नाही. उलट ती बाजू जरा वरच, तारांच्या जवळ, घट्ट उभी राहिली. खाली चिकटलेल्या मेणाच्या गोळ्याने काम भागवलं असं समजून त्याने मेणाचे मनातल्या मनात आभार मानले.

संध्याकाळी मामा ग्रंथालयाच्या सभागृहाशेजारच्या खोलीत आरशासमोर बसले होते. कडक इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट, हातात रुमाल. कवळी लावली. हसून पाहिलं. रुमाल खिशात गेला.

"टाळूला काहीतरी टोचतंय गं."

"नवीन आहे ना मामा, टोचायचंच. जीभ नका लावू."

"आणि हा मधला दात सकाळपेक्षा गोरा दिसतोय."

"दिव्यांमुळे."

"घसा शेकायला गरम चहा सांग बाई एक."

"नको!" भाची, जावई आणि नात एका सुरात ओरडले. "आवाजाला बरा नाही," नातीने सावरून घेतलं. मामांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना वाटलं, पोरं आपल्यापेक्षा जास्त घाबरली आहेत. त्या कौतुकात ते स्टेजवर गेले.

सभागृह भरलेलं होतं. स्टेजवर दोन्ही बाजूंनी मोठे दिवे सोडले होते. तिने खुर्चीत बसता बसता त्या दिव्यांकडे पाहिलं आणि मेण कितीला मऊ पडतं याचा मनात हिशेब केला. हिशेब काही बरा आला नाही.

पहिलं गाणं मात्र असं झालं की लोक हलायचे थांबले. सहा महिने कोंडलेला आवाज बाहेर आला होता. 'स' काचेसारखा स्वच्छ. नवऱ्याने मानेजवळचा पिकअप लावला होता. गोल, गोड सूर मामांच्या आवाजाखाली गालिच्यासारखा पसरला. गिटार किंचाळली नाही. टाळ्या पडल्या. मामांनी जावयाकडे बघून चक्क मान डोलावली.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर पहिली शीळ आली.

बारीक होती. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खिडकीकडे पाहिलं. मामांनीही ती ऐकली आणि पुढचा 'स' जरा जपून घेतला. तो पहिल्यापेक्षा जोरात वाजला. पुढच्या रांगेत ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. दिव्यांखाली मेण मऊ होत होतं हे तिला कळत होतं. पण मऊ मेणात दात खाली लोंबायला हवा, पुढे का जातोय? त्याला मागून ढकलतंय कोण?

या प्रश्नाला वेळ नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावून कानाकडे बोट नेलं. त्याला समजायला अर्धी ओळ लागली. मानेजवळच्या गोड आवाजात शीळ लपत नव्हती. लपवायची तर तितकाच बारीक, तितकाच धारदार आवाज हवा. पुढचा 'स' येताच त्याने खटका मारून ब्रिजजवळचा पिकअप लावला आणि वरच्या तारेवर एक सूर ओढला.

त्या सुराने खुद्द त्यालाच धक्का बसला. हा पिकअप त्याने कित्येक वर्षं वाजवला होता, पण असा आवाज त्यातून कधी निघाला नव्हता. नवी सुरी कागदातून जावी तसा तो सूर सभागृहातून गेला, आणि मामांची शीळ त्यात बेमालूम मिसळली.

मग खेळच सुरू झाला. 'स' आला की खटका खाली, 'स' गेला की खटका वर. तिसऱ्या गाण्यात कवीने ओळीओळीत 'स' पेरला होता. नवऱ्याच्या कपाळावरून घाम गळू लागला. ती पुढच्या रांगेतून प्रत्येक 'स'च्या आधी भुवई उडवत होती, त्यामुळे शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" लोकांना मात्र हे नवीनच काहीतरी वाटत होतं. गायक बोलतो, गिटार उत्तर देते. मामांनाही वाटत होतं, पण वेगळं काहीतरी. आपण गाताना जावई दर ओळीत मध्ये तोंड घालतोय, असं त्यांचं मत झालं होतं.

शेवटची ओळ लांब सुरावर संपत होती. मामांनी छाती भरून श्वास घेतला, सूर लावला, आणि या जावयाला आता नजरेनेच गप्प करावं म्हणून तोंड त्याच्याकडे वळवलं.

सूर टिपेला पोचला आणि त्याच क्षणी मामांच्या तोंडातून काहीतरी पांढरं सुटलं.

ते हवेत एकदा दिव्याच्या उजेडात चमकलं. पुढच्या रांगेत तिने डोळे मिटून घेतले. दात गिटारीच्या तारांवर, अगदी ब्रिजजवळ, येऊन आपटला. खटका नेमका ब्रिजच्या बाजूला होता.

टण्ण!

एकच सूर. स्वच्छ, धारदार, आणि मामांच्या सुराशी तंतोतंत जुळणारा, कारण तार त्याच सुरात लावलेली होती. तो वाजत राहिला, पातळ होत गेला, विरला. मामांनी तोंड मिटलं. नवऱ्याने हात तारांपासून दूर, हवेत धरला होता. त्याने काहीच वाजवलं नव्हतं.

मग लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मामांनी ओठ घट्ट मिटून, कमरेत वाकून नमस्कार केला आणि ताठ मानेने आत गेले.

भाची, जावई आणि नात मागोमाग आतल्या खोलीत आले. मामांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. मेणाला घाम आल्यासारखं झालं होतं. मधल्या रिकाम्या जागेतून, गुलाबी मेणातून, काहीतरी चकाकत वर आलं होतं. तिने चिमट्याने ते ओढलं.

पेनातल्या स्प्रिंगचा तुकडा होता तो.

"माझी स्प्रिंग!" नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं. त्याने लगेच तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता.

मामांनी आधी स्प्रिंगकडे पाहिलं, मग जावयाकडे. "तुमची स्प्रिंग," ते रुमालाशिवाय, एकेक शब्द तोलून म्हणाले, "माझ्या तोंडात काय करत होती?"

मग भाचीने सगळं सांगितलं. गाळणी, ट्रे, मेण, तेरा दात. मामा ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे हे कुणाला कळेना.

"आणि माझा दात? माझा स्वतःचा?"

तेवढ्यात नवऱ्याला पिकअपची ती वर उभी राहिलेली बाजू आठवली. त्याने पेचकस काढला, ब्रिजजवळचा पिकअप सैल केला आणि उलटा धरला. खाली, जिथे स्प्रिंग हवी तिथे, मेणात रुतून, मामांचा दात बसलेला होता. अगदी ऐटीत. त्यानेच पिकअप तारांच्या जवळ उचलून धरला होता.

"अरे देवा," लेक पुटपुटली. "म्हणजे तो आवाज..."

"ह्याचा," मामा म्हणाले.

दारावर टकटक झाली आणि अध्यक्षबाई आत आल्या. मामांनी झटकन रुमाल तोंडाशी नेला. भाचीने झटकन कवळीवर फडकं टाकलं. नवऱ्याने गिटार पोटाशी धरली.

"मामासाहेब, काय बोलू मी!" अध्यक्षबाईंनी हात जोडले. "शहरातल्या ग्रंथालयाचे लोक आले होते. त्यांना पुढच्या महिन्यात हाच कार्यक्रम हवाय. पण एक अट आहे त्यांची. काही बदलायचं नाही. आणि तो शेवटचा सूर तर नाहीच नाही. कसा काढलात हो तो?"

मामांनी रुमालाआडून जावयाकडे बोट दाखवलं.

"सराव," नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

अध्यक्षबाई गेल्या. भाचीने मान खाली घातली. "मामा, मी उद्याच पक्की कवळी करते. चौदाही दात घट्ट. पुन्हा असं होणार नाही. आणि तुमचा तो दातही काढून धुऊन..."

"कशाला काढतेस? वाजतोय ना तिथे चांगला? राहू दे. सेटमध्ये दुसरा बसव." मामा पुढे वाकले आणि गिटारीकडे, आयुष्यात पहिल्यांदाच, निरखून बघू लागले. "कवळी घट्टच कर. पण एक दात जास्तीचा कर. सुटा. खिशात ठेवायला."

"खिशात? कशाला?"

"शेवटी फेकायला. अट आहे ना बाई त्यांची." त्यांनी तारांवरून बोट फिरवलं. "जावईबापू, आज तो इथे ब्रिजपाशी लागला. तिकडे मानेजवळ फेकला तर सूर गोड येईल का हो?"

"गोल येईल," नवरा अजून धक्क्यातच होता. "पण खटकाही तिकडे लावावा लागेल."

"मग लावा की. बघू दोन्ही." आणि मामा मोकळं हसले, दातांशिवाय, तोंडभर. रुमाल मांडीवरून घसरून खाली पडला होता. तो उचलायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. जावयाने स्टेजवरून उचलून आणलेला गोरा दात चिमटीत धरून, एक डोळा बारीक करून, ते नेम धरत होते.